जुन्या फोनमध्ये सापडलेली शिवी

मी एक जुनी शिवी आहे. नाक मुरडलंत ना, मित्रांनो? मुरडा. मला सवय आहे. 'मुडदा बशिवला तुझा' हे माझं पूर्ण नाव.

मला कुणी घडवलं, ठाऊक नाही. किल्लारीकडच्या बायांच्या तोंडी मी वाढले. विहिरीत डोकावणाऱ्या, बैलाच्या शिंगांशी खेळणाऱ्या लेकरांवर दिवसातून दहादा धावून गेले. माझ्यानं एकही लेकरू दगावलं नाही. मला उच्चारून झालं की ती बाई लेकराच्या गालांवरून हात फिरवायची, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. माझं विष तिथंच उतरायचं.

रुक्मिणबाईंनी मला लातूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. सून देविका पहिल्या दिवसापासून मला पाण्यात पाहू लागली. शिकलेली बाई, लेकराच्या कानावर काय पडतं यावर तिचं बारीक लक्ष. एकदा तिनं जुना फोन फ्रिजवर रेकॉर्डिंगला लावला आणि ऑफिसला गेली. नेमका त्या दुपारी पाच वर्षांचा यज्ञेश उकळत्या दुधाच्या पातेल्याला हात घालायला गेला. आजीनं त्याला मागं ओढलं. मी बाहेर पडले. मग गालांवरून हातही फिरला, पण फोनला हात दिसत नाहीत.

संध्याकाळी देविकानं ते नवऱ्याला, उद्धवला ऐकवलं.

"आई मला तर रोज म्हणायची," तो म्हणाला. "जिता हाय की मी."

"तुम्ही जिते आहात म्हणून माझ्या लेकराच्या मरणाचं बोलायचं?"

उद्यापासून यज्ञेश पाळणाघरात जाईल, असं तिनं सांगून टाकलं. रुक्मिणबाई दारातच उभ्या होत्या.

"चोरावानी ऐकलंस, बाई. तोंडावर म्हणली असतीस तर गिळलं असतं मी."

सकाळी त्या किल्लारीच्या बसमध्ये बसल्या.

मित्रांनो, मी सोवळी नाही. मला जपा म्हणायचा माझा तोरा नाही. पण हाकलण्याआधी, मला उच्चारणारीच्या चेहऱ्याकडे एकदा नीट बघत जा. एवढंच मागते.

आता रविवारी आजीचा फोन येतो. देविका तो स्पीकरवर ठेवते. परवा यज्ञेशनं मुद्दाम सांगितलं, की त्यानं भिंतभर पेननं रेघा ओढल्यात. सांगून तो वाट बघत राहिला.

"असं करू नये, बाळ. अभ्यास करावा," रुक्मिणबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या आणि फोन ठेवला.

देविकाला त्यात खोट काढायला काहीच सापडलं नाही. यज्ञेशनं तिच्याकडे पाहिलं.

"मम्मी, ह्या कोण होत्या?"