कांद्याचं पाणी तोडलं तसं

बोरी बुद्रुकच्या सोपानला कांद्यातलं सगळं कळतं, आणि म्हणून बाकीचंही सगळं कळतं, असा त्याचा समज. तिसरीतली लेक हर्षाली अजून अंथरूण ओलं करते म्हटल्यावर त्यानं इलाज फर्मावला. काढणीआधी कांद्याचं पाणी तोडतात, तसं पोरीचं तोडायचं. सकाळी एक तांब्या, मग दिवसभर कोरडं. बायको उज्ज्वला कुरकुरली, पण कांद्यापुढं तिचं काय चालणार?

आठ दिवस झाले. गोधडी रोज ओलीच, वर पोरीचं पोट गच्च. त्यात लोणीची यात्रा तोंडावर आली. तिथं मामाच्या घरी सात भावंडं एका ओळीत झोपायची, आणि हर्षाली वर्षभर त्या दिवसांची वाट बघायची. यंदा तिनं बॅगच काढली नाही. "मला न्हाई जायचं," एवढंच म्हणाली. सोपाननं त्याच रात्री दवाखान्यात जायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी पोरीला तपासलं, लघवीही तपासली. लघवीत काही दोष निघाला नाही. पाण्याचा इलाज ऐकून मात्र त्या हसायलाच लागल्या.

"अहो, पोरगी आहे ती, कांदा नाही. पाणी कमी पडलं म्हणून पोट साफ होईना, आणि गच्च पोट लघवीच्या पिशवीवर दाबतं. दिवसा भरपूर पाजा, संध्याकाळनंतर घोटभर. झोपायच्या आधी लघवीला पाठवा. आणि रागावू नका, झोपेत तिला कळतच नाही. बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं." मग सहज विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला होतं का लहानपणी? घराण्यात असतं बऱ्याचदा."

"छे, आमच्यात कुणालाच न्हाई," उज्ज्वला म्हणाली. सोपान छताचा पंखा बघत बसला.

घरी आल्यावर तो ओसरीवर हर्षालीशेजारी टेकला. घसा दोनदा खाकरला.

"हर्षे, मी बी करायचो. माझी गोधडी तुझी आजी उसाच्या आड वाळत घालायची, कुणाला दिसू नये म्हणून. आजवर कुणाला बोललो न्हाई. आन तुझं पाणी तोडलं, ते लई चुकलं माझं."

उज्ज्वला पदर तोंडाला लावून हसू दाबत उभी होती. सोपानचे कान लालेलाल झाले, पण छाती हलकी झाली.

"तुमचं कितवीत थांबलं, पप्पा?"

"पाचवीत."

हर्षालीनं बोटं मोजली. "मंजी मला अजून दोन वर्षं हायेत."

तिनं बॅग ओढली, कपडे कोंबले, वर दोन जादा चड्ड्या टाकल्या. मग थबकली. "मामाला मला न्हाई सांगता यायचं. तुमी सांगा. माझं आन तुमचं, दोनी."

ज्यानं लग्नाच्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, त्या सोपाननं मोबाइल काढला आणि मेव्हण्याला फोन लावला.