याद्यांच्या वरची कोरी जागा

मी शिक्का बोलतोय. विया सांता रुफिना या वस्तीच्या शेजारसमितीचा रबरी शिक्का. तुमचा माझ्यावर विश्वास बसला नाही तरी मला वाईट वाटणार नाही. माझा स्वतःचा कोणावर विश्वास नाही, आणि त्याला कारणं आहेत.

माझा जन्म खाली, दरीतल्या ला पास शहरात झाला, वकिलांच्या गल्लीत, एका जिन्याखालच्या दुकानात. कारागिरानं रबर कापलं, अक्षरं कोरली, लाकडी मूठ चिकटवली आणि जुन्या वर्तमानपत्रावर मला दोनदा दाबून पाहिलं. मला न्यायला आलेल्या माणसाला त्यानं तुम्ही कोण, कुठले, समितीचं पत्र आणलंय का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. त्या दिवशी माझ्या जागी कोणत्याही वस्तीचा, कोणत्याही समितीचा शिक्का कोणालाही मिळाला असता. संशय मला असा जन्मतःच चिकटला.

मला न्यायला आलेला माणूस म्हणजे आमचे अध्यक्ष, इलारियोन तार्की. त्यांनी मला कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. तिथे कोकाची पानं होती, कंगवा होता आणि अर्धवट चघळून कागदात गुंडाळलेली एक पेपरमिंट. केबल कारनं आम्ही वर, पठारावरच्या एल आल्तो शहरात, आमच्या वस्तीत आलो. दोन वर्षांची मुदत माझ्या तोंडावरच कोरलेली होती. समितीची मुदत संपली की शिक्का सगळ्यांसमोर कापायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणजे मरणाची तारीख चेहऱ्यावर घेऊनच मी जन्माला आलो.

मला डोळे नाहीत. मी ऐकतो, आणि ज्या कागदावर टेकतो तेवढाच कागद मला कळतो; बाकीचं लोकांच्या बोलण्यातून जमवतो. पण खिशात राहून माणूस फार लवकर ओळखता येतो. इलारियोन कागद वाचत नसत. मिनीबसच्या बॉनेटवर, कोणाच्या तरी पाठीवर, जेवणाच्या टेबलावर सूप बाजूला सारून ते मला दाबायचे आणि परत खिशात टाकायचे. नियमाप्रमाणे शिक्का समितीच्या चिटणीसाकडे असायला हवा होता. आठ महिने तो नियम कोणाला आठवला नाही, किंवा आठवलेला बरा नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

आता सभेविषयी सांगतो, कारण सगळं पाणी तिथेच मुरत होतं.

सभा रविवारी सकाळी सिमेंटच्या मैदानावर भरे. बायका घेरदार घागरे सावरून उन्हाच्या बाजूला जमिनीवर बसायच्या, पुरुष भिंतीला टेकून उभे राहायचे, आणि ऊन सरकेल तशी सगळी सभा हळूहळू सरकायची. सभा सुरू होण्याआधी हजेरीची यादी फिरे. ज्याची सही नाही त्याच्या गल्लीचं काम, फरसबंदी असो की गटार, यादीत खाली जाई. त्यामुळे सहीसाठी रांग लागे आणि सही झाली की निम्मे लोक पसार. कोणी बाजारात, कोणी फुटबॉलला. एका बहिणीनं चार भावांच्या सह्या केलेल्याही मला ठाऊक आहेत. यादीत दोनशे दहा शेजारी आणि मैदानावर सत्तर. आणि एक शेजारी सांगा ज्यानं सही करताना वरचा भाग पाहिला. सगळ्यांचं लक्ष आपली ओळ सापडते का, यावर. वर अर्धं पान कोरं असे. मथळा नंतर सुबक टाइप करून घेऊ, असं अध्यक्ष सांगत आणि लोक मान डोलावत.

मैदानाला लागून एक मोकळा तुकडा आहे. वस्तीच्या नकाशात तो दवाखान्यासाठी राखलेला. अकरा वर्षं तिथे काटेरी झुडपं आणि कुत्री यांच्याशिवाय काही उगवलं नव्हतं.

त्या तुकड्यासाठी एक बाई समितीत आली. कासिल्दा चोके. कोपऱ्यावर सकाळी आपी, म्हणजे मक्याचं गरम जांभळं पेय, आणि तळलेल्या पुऱ्या विकते. तिची लेक निएवेस बाळंतपणासाठी निघाली आणि हॉस्पिटलच्या अर्ध्या वाटेवर, मिनीबसमध्येच बाळंत झाली. बाळ पोहोचेपर्यंत टिकलं नाही. कासिल्दानं रडारड केली असेल तर ती घरात. बाहेर तिनं एवढंच केलं की पुढच्या निवडणुकीत चिटणीसपदाला हात वर केला. वही लिहायचं किचकट काम कोणालाच नको होतं, म्हणून ती बिनविरोध निवडून आली.

आणि त्याच तुकड्याविषयी मी कोटाच्या आतून एक बोलणं ऐकलं. मिनीबसवाल्यांच्या संघटनेचा पुढारी भेटायला आला होता. त्यांना गाड्या उभ्या करायला जागा हवी होती.

"शेजारी देतील का?" त्यानं विचारलं.

"दिलीच समज," इलारियोन म्हणाले. "दर रविवारी सह्या करतात बिचारे, स्वतःच्या हातानं."

"आणि मजकूर?"

"तो वर चढवायचा. जागा ठेवलीय."

मी खिशात होतो. मला तोंड आहे, पण ते फक्त ठसा उठवायला. त्या दिवशी मला माझी पहिल्यांदा लाज वाटली, कारण त्या मजकुराखाली शेवटी मीच टेकणार होतो.

पुढच्याच सभेत पास्कुआल आलानोका नावाच्या म्हाताऱ्यानं, जो प्रत्येक विषयावर उठतो म्हणून कोणी ऐकत नाही, भिंतीपासून हात वर केला. शिक्का अध्यक्षांच्या खिशात कसा, असा त्याचा सवाल होता. नियम काय सांगतो? लोक हसले. इलारियोनही हसले आणि मला काढून कासिल्दाच्या हातावर ठेवलं.

"घ्या बाई. एवढं काही जड नाही. मात्र याद्यांच्या वरची जागा कोरी ठेवा हं, आणि सह्यांच्या खाली शिक्का मारून ठेवा. मंगळवारी मी नेतो."

"बरं," ती म्हणाली.

एवढ्या पटकन बरं म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. सामील दिसते, असं मी मनात धरलं.

सोमवारी दुपारी, विक्रीची भांडी घासून झाल्यावर, तिनं टेबल पुसलं, याद्या मांडल्या आणि प्रत्येक पानावर सह्यांच्या खाली मला एकदा टेकवलं, सांगितल्याप्रमाणे. झालं, म्हटलं, आज्ञाधारक आहे. मग तिनं मला उचलून पानाच्या वरच्या भागाकडे नेलं. त्या कोऱ्या जागेत दाबलं. परत दाबलं. ठशाला ठसा लावून पुन्हा पुन्हा. कोऱ्या कागदावर शिक्का! चोरांच्या बाजारात याहून मोलाची वस्तू नाही. ही तर अध्यक्षांच्याही पुढे गेली, स्वतःसाठीच माल तयार करतेय, असं मला वाटलं. लेकीच्या दुःखाआडून बाई आली आणि तिनंही शेवटी डल्ला मारलाच. संशयी माणसाला जो आनंद होतो ना, बघा, मी म्हणत नव्हतो का, तो आनंद मला झाला. आज तो आठवला की मला तोंड लपवावंसं वाटतं.

मंगळवारी इलारियोन आले, घडी घातलेली पानं वरवर मोजली, लिफाफ्यात घातली आणि घाईत गेले. पान नीट उघडून पाहिलं ते टायपिस्टच्या दुकानात गेल्यावर. कासिल्दाला ते एक शब्द बोलले नाहीत. रविवारी त्यांनी लाउडस्पीकर लावला.

त्यांचं बोलणं मोठं बेमालूम होतं. शेजाऱ्यांनो, एक वाईट बातमी आहे. चिटणीसबाईंनी समितीच्या शिक्क्याचा गैरवापर केला आहे. कोऱ्या जागी शिक्के मारून याद्या बाद केल्या आहेत. आता तुमची हजेरी धरली जाणार नाही, गल्ल्यांची कामं अडकतील. सर्वांनी आत्ताच्या आत्ता नव्या यादीवर पुन्हा सह्या कराव्यात, आणि शिक्का माझ्याकडे परत यावा. मग त्यांनी ती पानं वर धरून फिरवून दाखवली.

गल्लीचं काम म्हटल्यावर लोकांचा तोल गेला. चौथ्या गल्लीतल्या बायका उठल्या. आमचं गटार हिच्यामुळे राहणार का, म्हणून विचारू लागल्या. भिंतीकडून कोणी म्हणालं, "आपी विकता विकता शिक्केही विकायला काढले वाटतं." त्यावर हशा पिकला. नवी यादी फिरू लागली होती. तिच्याही वर अर्धं पान कोरं होतं आणि लोक रागारागात तिच्यावर सह्या ठोकत होते.

मी कासिल्दाच्या एप्रनच्या खिशात होतो. तिच्या हाताला घाम आला होता आणि त्या हातानं ती मला घट्ट धरून होती. मी मनात म्हणत होतो, आता कबूल कर आणि मोकळी हो.

ती लाउडस्पीकरपाशी गेली नाही. बसल्या जागेवरून उठली, अध्यक्षांच्या हातातलं एक पान मागून घेतलं आणि पहिल्या रांगेतल्या बायकांपुढे धरलं.

"ही हजेरीची यादी आहे ना?" ती म्हणाली. "तुमच्या सह्या बघा. एकीला तरी हात लागलाय का? मग हजेरी बाद कशी झाली?"

"मथळा कुठे लिहायचा?" इलारियोन म्हणाले. "मथळ्याशिवाय कागद चालत नाही, बाई. तुम्हाला ऑफिसची कामं कळत नाहीत."

"मथळा एका ओळीत मावतो. 'हजर असलेले शेजारी.' ती ओळ मी सोडलीय, ही बघा, सगळ्यात वर. बाकीची जागा मी भरली." मग अगदी साध्या आवाजात, किंमत विचारावी तशी, तिनं विचारलं, "तुम्हाला अर्धं पान कशाला हवं होतं?"

नवी यादी ज्याच्या हातात होती तो तिथेच थांबला. मी खिशात होतो आणि मला कळलं की मी या बाईला आठ दिवस चोर म्हणत होतो.

पास्कुआल भिंतीपासून निघून पुढे आला. अध्यक्षांच्या काखेतली फाइल उघडा म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, ती खासगी आहे. म्हातारा म्हणाला, समितीच्या कामाची फाइल खासगी कधीपासून झाली? तेवढ्यात चौथ्या गल्लीतल्या त्याच बायकांनी, ज्या गटारासाठी कासिल्दावर धावल्या होत्या, अध्यक्षांना घेरलं. फाइल कोणी ओढली ते मला सांगता येणार नाही. त्यात याद्यांवर चढवायच्या मजकुराचा टाइप केलेला मसुदा होता, आणि वाचून दाखवणं चिटणीसाचं काम, म्हणून तो कासिल्दाच्याच हातात आला.

तिनं वाचलं. खाली सही करणारे आम्ही सर्व शेजारी मैदानालगतची जागा, दवाखान्याची गरज उरली नसल्यानं, मिनीबसचालकांच्या संघटनेस राजीखुशीनं देत आहोत.

'गरज उरली नसल्यानं' या शब्दांपाशी तिनं कागद म्हाताऱ्याच्या हातात दिला. पुढचं पास्कुआलनं वाचून पुरं केलं.

त्यानंतर आरडाओरडा झाला, पण तो मी सांगत बसत नाही. नवी यादी फाडली गेली. हात वर करून मत घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मैदानावरचे हात मोजले, यादीतल्या सह्या नव्हेत. जागा दवाखान्याचीच राहिली. इलारियोनचं अध्यक्षपद तिथेच काढून घेतलं. ते कोट झटकत निघून गेले. जाताना म्हणाले, वस्तीसाठी इतकं केलं आणि वस्तीनं तोंडाला पानं पुसली. दोघातिघांनी मानही डोलावली. मी त्यांचे आवाज ओळखून ठेवले आहेत.

लोकांना आता कासिल्दाला अध्यक्ष करायचं होतं. मघाशी हसणारेच मोठ्यानं तिचं नाव घेत होते. तिनं नकार दिला.

"मला वहीपाशीच राहू द्या," ती म्हणाली. "आणि माझ्यावरही डोळा ठेवा. मी ते शिक्के मारले तेव्हा तुमच्यापैकी कोणी बघायला नव्हतं. मी दुसरंही काही करू शकले असते."

तिच्या त्या बोलण्यानं मला जे झालं ते सांगायला माझ्याकडे कोरलेली एवढीच अक्षरं आहेत, आणि ती पुरत नाहीत. संशय मीही घेत आलो होतो, पण कधी कोणाचं काही वाचवलं नाही. तिनं संशय घेतला आणि मग दुपारभर बसून काम केलं.

आज समितीची मुदत संपली. नवी माणसं निवडली गेली, त्यांचा नवा शिक्का खालून आलाय. तो ज्यानं आणला त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं होतं का, हे मला कोणीतरी विचारून सांगा. टेबलावर चाकू ठेवलाय.

दवाखाना अजून उभा राहिलेला नाही. अर्ज आता कुठे तयार झालाय आणि पुढे तो कोणत्या कचेरीत किती दिवस झोपेल याचा मला दांडगा संशय आहे. पण कापण्याआधी कासिल्दानं मला मागून घेतलंय. ती अर्ज शेवटपर्यंत मोठ्यानं वाचतेय आणि बायका उन्हात बसून ऐकताहेत. वाचून संपलं की ती मला सह्यांच्या खाली दाबेल. हा माझा शेवटचा ठसा.

मित्रांनो, तुमच्यापुढेही कधीतरी यादी येईल. मागचा माणूस घाई करेल, पुढचा म्हणेल नुसती हजेरी आहे. तुम्ही तरी वर बघा.

वाचन संपलं. निएवेस आईशेजारी येऊन बसलीय, पुन्हा दिवस राहिलेत तिला. कासिल्दानं मला उचललंय. तिचा हात आज कोरडा आहे आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, वर काय लिहिलंय याची काळजी न करता कागदावर टेकतोय.