अर्ध्या जाडीच्या खाचा

इग्नासियाला लोखंडी पट्ट्याच हव्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण आजवर मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

सान्तियागोच्या कला-संग्रहालयात दर उन्हाळ्यात एखाद्या नव्या आर्किटेक्टला अंगण देतात. त्याने तिथे काहीतरी अचाट उभारायचं, लोकांनी तीन महिने त्याच्या सावलीत बसायचं, मग ते मोडायचं. त्या वर्षी अठ्ठावीस वर्षांच्या इग्नासियाची निवड झाली. पाइनच्या तुळयांची मोठी जाळी, असं तिचं काम होतं. मोडल्यावर सगळं लाकूड आमच्या डोंगरावरच्या वस्तीत, सामुदायिक स्वयंपाकघराच्या छपराला जाईल, असं तिने अर्जातच लिहिलं होतं. दोन हिवाळे आम्ही प्लास्टिकखाली घेवड्याचं पातेलं चढवत होतो. स्वयंपाकघर चालवणारी एल्सिरा तर त्या लाकडासाठी दिवस मोजत होती.

सुतार मी.

"मिस्त्री, तुळया कापू नका," इग्नासिया म्हणाली. "एकीवर एक ठेवा आणि पट्ट्यांनी आवळा. लाकूड अखंड राहू दे."

"पट्ट्या आवळायला मिस्त्री कशाला, पोरी? हमाल बोलव."

ती हसली आणि तिथेच फसली. मी प्रत्येक तुळईत सहा खाचा मारल्या, अर्ध्या जाडीच्या, म्हणजे तुळया एकमेकींत बसाव्यात. सांध्यात नख शिरत नव्हतं.

"नंतर छपराला चालतील ना?"

"चाळीस वर्षं पटाशी धरतोय. माझी जबाबदारी."

लोक सांध्यांवरून हात फिरवायचे. भिंतीवरच्या पाटीत तिच्या नावाखाली माझं नाव होतं: हेरिबेर्तो काताल्दो, सुतार. मी बायकोला दोनदा नेऊन दाखवलं.

एप्रिलमध्ये लाकूड डोंगरावर आलं. सुट्ट्या तुळया स्वयंपाकघरासमोर मांडल्या तेव्हा मला दिसलं. जागोजागी निम्मं लाकूड गेलेलं. हात दाखवून अवलक्षण. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण लाज वाटली. मी खाचांत तुकडे ठोकले, सरस भरला, रंधा मारून वर रंग दिला आणि छप्पर चढवलं.

"संग्रहालयातलं छप्पर आहे हो आपलं!" एल्सिरा येईल त्याला सांगायची.

जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, बर्फ पडला, ओला, जड. भर दुपारी, पातेलं चुलीवर असताना छप्पर खाली आलं. बाकीच्या बाया बाहेर रांग लावत होत्या. एल्सिरा आत होती.

मयताला इग्नासिया आली. एल्सिराची बहीण तिच्या अंगावर धावून गेली. "तुमचा खेळ झाला आणि उष्टं आमच्या डोक्यावर टाकलंत, बाई!"

इग्नासियाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी टोपी हातात धरून शवपेटीचे कोपरे बघत राहिलो. ते सांधे कुणीतरी घाईत केले होते.

"आराखडा माझा होता," ती शेवटी म्हणाली. "चूक माझी." आणि एकटीच डोंगर उतरून गेली. त्यानंतर तिला कुठे काम मिळालं नाही, असं ऐकतो.

आठवड्याने एल्सिराची बहीण माझ्या दारात आली.

"हेरिबेर्तो मिस्त्री, नवं छप्पर तुम्हीच घाला. या वेळी कुणा शिकलेल्याचं ऐकू नका. तुमच्या मनाने करा."

मी मान हलवली, आणि टेप घेऊन माप घ्यायला निघालो.