शंभरातले दहा

धाकट्याचा कर माफ झाला ही बातमी थोरल्याला बायकोने दिली, आणि त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. पुरता माफ नव्हता. फोटो स्टुडिओ बसला, सहा वर्षांचा कर थकला, तेव्हा कर कार्यालयाने धाकट्याची सगळी चीजवस्तू मोजली आणि 'शंभरातले दहा भरा, बाकीचे सोडले' असं पत्र दिलं. अट एकच होती. पाच वर्षांत लपवलेली मालमत्ता सापडली, तर सोडलेलं सगळं पुन्हा बोकांडी बसणार.

थोरल्याचं बाइंडिंगचं दुकान स्टुडिओच्या समोरच. बावीस वर्षं तो नाकासमोर चालला, मुदतीच्या आठ दिवस आधी कर भरत आला. त्याची पाठ कोणी थोपटली नाही. लहानपणीही हेच. धाकटा पडायचा, आई धावायची. थोरला पडायचाच नाही, मग त्याला उचलणार कोण? हे त्याने चाळीस वर्षं मनात जपून ठेवलं होतं.

"मीच एक मूर्ख," तो बायकोला म्हणाला. "आता मीही भरत नाही. बघू मला किती सोडतात."

"तुमचं दुकान चालतंय हो. त्याचं बसलंय."

ते त्याने कानाआड केलं. दोन वर्षं कर थकवला आणि 'ऐपत नाही' असा अर्ज मोठ्या ऐटीत केला. तपासणीची तारीख आली, तेव्हा कुठे त्याला आपलं कागद कापायचं नवं मशीन दिसलं. दुकानातली सगळ्यात महाग वस्तू. दोन हमाल लावून ते त्याने धाकट्याच्या रिकाम्या स्टुडिओत हलवलं आणि वर फोटोचा काळा पडदा टाकला.

"दोन दिवस राहू दे इथे," एवढंच म्हणाला. धाकट्याने का, कशाला, काही विचारलं नाही. तो कधीच विचारत नसे, आणि थोरल्याला तेही खुपायचं.

तपासनीस बाई दुकानात तासभर बसल्या. फरशीवर मशीनच्या पायांचे चार स्वच्छ चौकोन उमटले होते, त्यांच्याकडे बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग उठल्या.

"समोर तुमचे भाऊ ना? त्यांचं प्रकरणही माझ्याकडेच होतं. आलेच आहे तर डोकावते."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो मागोमाग गेला तोवर बाईंनी पडदा उचलला होता.

"हे तुमच्या यादीत नव्हतं. कोणाचं आहे?"

धाकट्याने थोरल्याकडे एकदा पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं. मग तो बाईंकडे वळून शांतपणे म्हणाला, "माझं."

थोरल्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. मग त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आता हा सोडलेले नव्वदही भरणार, रस्त्यावर येणार, आणि भावासाठी केलं म्हणून सगळ्या नात्यात ह्याचंच कौतुक होणार. इथेही हाच मोठा ठरणार.

"काही त्याचं नाही," थोरला म्हणाला. "त्याला साधा पुठ्ठा सरळ कापता येत नाही. माझं आहे ते. पावती आहे माझ्या नावाची."

बाईंनी लिहून घेतलं. धाकट्याच्या कागदांना त्यांनी हात लावला नाही. थोरल्याला पूर्ण कर लागला, वर दंड.

आता हमालांना पैसे द्यायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून मशीन दोघा भावांनीच उचललं. रस्त्याच्या मध्यावर धाकटा थांबला.

"दादा, जड होतंय का? टेकवू या जरा?"

थोरल्याचे हात भरून आले होते. जन्मात त्याला हे कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेही ह्यानेच, ह्याचा त्याला भयंकर राग आला.

"टेकव," तो म्हणाला.