पंखाला बांधलेला गोळा

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. छोट्या विमानाचा हलका पंख चौकटीला आवळलेला, खाली इंजिनासारखे हादरे देणारं यंत्र गुरगुरतंय, आणि पंखाचं टोक हीव भरल्यासारखं थडथडतंय.

"अतृप्त जीव शिरलाय. माणूस मागतोय," मालकाने बोलावलेला मांत्रिक बाबा म्हणाला. त्याने टोकाला मंतरलेला पितळी गोळा बांधला, "नीज लेकरा" म्हणत फुंकर घातली, आणि पंख गप्प झाला. मालकासकट सगळे बाबाच्या पायांवर.

उभी राहिली ती एकटी चाचणीवाली बाई. उद्या हे विमान तिचा धाकटा भाऊ उडवणार होता.

"ताई, डोळ्यांदेखत थांबला ना? आता फाटे फोडू नकोस," भाऊ म्हणाला.

"थांबला. का थांबला ते बघू दे."

"तू देवालाही तराजूत घालशील."

"देवाला नाही. गोळ्याला."

तिने गोळा सोडला. पंख पुन्हा थडथडला, लोक मागे सरकले. गोळ्याच्या वजनाएवढी साधी पुट्टी तिने टोकाला थापली. पंख गप्प.

"बाबा, पुट्टीला कोणता मंत्र दिलात?"

"माझी कृपा पंखात मुरलीय, बाई."

"मुरू द्या." तिने पुट्टी खरवडून गोळा परत बांधला. "हलक्या पंखाला एवढं वजनही पुष्कळ. वजन वाढलं की तो कमी वेगाच्या हादऱ्यांनाच थरथरतो. थरथर मरत नाही, खालच्या वेगात दबा धरून बसते."

तिने यंत्राचा वेग हळूहळू उतरवला. आधी काहीच झालं नाही. मग पंख घुमू लागला, गोळ्यासकट टोक इतकं हललं की दिसेनासं झालं आणि पातळ आवरण टरकन फाटलं. तिने यंत्र बंद केलं.

"इंजिन या वेगावर कधी असतं रे?"

भावाने फाटलेल्या आवरणावर हात ठेवला. "उतरताना. जमीन जवळ आली की."

"बाबा, उद्या मागच्या सीटवर बसाल?"

बाबाला एकाएकी दुसऱ्या भक्ताची आठवण झाली.

"पण थांबला होता हो," मालक पुटपुटला. "मग उद्याचं काय?"

"उद्या कुणी उडत नाही," भाऊ म्हणाला आणि त्याने गोळ्याची दोरी कापली.

लोकहो, त्या गर्दीत शिकलेले कमी नव्हते. यंत्राच्या वेगाचं बटण सगळ्यांच्या हाताशी होतं, पण पायांवर लोळणाऱ्यांना ते दिसलं नाही. चमत्कार दिसला की आधी उभे राहा, आणि बटण फिरवून बघा. बाबा रागावेल. रागावू दे. त्याला विमानात बसायचं नसतं. बसायचं असतं तुमच्या माणसाला.