मधल्या कपातला चहा

शेगडीवरचं फडकं जळायला लागलं आणि खोलीतल्या सगळ्यांची नाकं एकदम वर झाली. काकांचं नाही. फडक्याकडे पाठ करून ते शांतपणे चमचा पुसत होते. धाकटीनं धावत जाऊन फडकं मोरीत टाकलं, तेव्हा कुठे ते वळून म्हणाले, "काय झालं गं?"

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

चहाच्या त्या कंपनीत चव घेणारे तिघंच. काका सगळ्यांत मोठे, मग मधला, मग ती. टेबलावर कपांची रांग लागायची. चमच्यानं भुरका मारायचा, तोंडात फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. गिळायचा नाही, गिळणारा नवशिका. शेवटचा शब्द काकांचा. ते पास म्हणाले की पोती गोदामात, नापास म्हणाले की पोती माघारी. गोदामवाला तर त्यांना तराजूच म्हणायचा. "तराजू चुकतो होय? चुकलाच तर चहा चुकला असेल," असं म्हणून स्वतःच हसायचा.

पूर्वी काका पहिला भुरका मारत. हिवाळ्यापासून त्यांनी रीत बदलली होती. "आधी धाकटीनं घ्यायचा, मग मधल्यानं. माझ्या मताचं दडपण नको कुणावर." केवढं मोठं मन, असं मालकसुद्धा चारचौघांत म्हणाले होते. धाकटीलाही तेव्हा भरून आलं होतं.

आता तिला त्यात पाणी मुरताना दिसायला लागलं. काका कपात बघत नव्हते. ती भुरका मारायची आणि ते तिच्या तोंडाकडे बघायचे. तिची भुवई जरा हलली की ह्यांचा निकाल तयार.

रात्री जेवताना तिनं घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, नाक चोंदलं असेल बिचाऱ्याचं. वाफ घ्यायला सांग."

"आई, हिवाळा संपून किती दिवस झाले," नवरा म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "सरळ मालकांना सांग. काकांच्या खुर्चीवर तुझाच हक्क आहे."

"आणि माझा संशय खोटा निघाला तर?"

"मग खात्री करून घे."

खुर्ची तिला हवी होती, खोटं कशाला बोला. हिवाळ्यापासून तिच्या जिभेवर कामं झाली आणि वाहवा काकांची. पण संशय खोटा निघाला, तर देवमाणसावर चिखल उडवणारी म्हणून तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रांगेत मधोमध डोंगरावरच्या मळ्यातला चहा होता. तिनं भुरका मारला. असा चहा वर्षातून एखादाच. घोट कुठे गेला तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं ठरवल्याप्रमाणे तोंड वाकडं केलं.

काकांनी चमचा ओठाला लावला, थुंकले. "नापास. जळकट आहे."

मधला भुरका मारून पसंतीची मान डोलावत होता. ती मान तशीच थांबली. "हो, हो. मला मघाशीच जळकट लागला." गोदामवाल्यानं कपात बोट बुडवून चाटलं. "जळकटच की."

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या अंगावर काटा आला. काकांचं नाक गेलं होतं, कबूल. ह्या दोघांच्या धडधाकट जिभा कुठे गेल्या?

संध्याकाळी ती कप विसळत होती. काका शेजारी येऊन उभे राहिले. "मधल्या कपातला चहा चांगला होता ना?"

तिच्या हातातला कप तिथेच थांबला.

"थुंकली नाहीस तू. घोट गिळलास," काका म्हणाले. "वाटलं, गिळल्यावर काही खोट कळली असेल, म्हणून तोंड वाकडं केलंस. पण नंतर तू कपाकडे बघितलंच नाहीस. माझ्याकडे बघत राहिलीस."

"कधीपासून येत नाही वास?"

"हिवाळ्यात ताप आला होता. ताप गेला, हा नाही आला परत."

"सांगायचं होतं ना, काका."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी हाच गोदामवाला मला बिचारा म्हणाला असता." त्यांनी एक कप उपडा ठेवला. "आणि तुझी जीभ होतीच की. इथली तेवढीच एक खरी."

"मग हे कधी मोठ्यानं का नाही म्हणालात?"

काकांनी फडकं उचललं. तिनं विसळलेले कप ते पुसू लागले.

सकाळी मालक आले. डोंगरावरचा मळा जळकट चहा पाठवतो, हे त्यांना पटत नव्हतं. त्या चहाचा कप पुन्हा मांडला. धाकटीनं भुरका मारला, थुंकली आणि चेहरा धुतलेल्या बशीसारखा कोरा ठेवला. काकांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सगळे काकांकडे बघत होते.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तिलाच विचारा. हिवाळ्यापासून मीही तेच करतोय. मला वास येत नाही."

गोदामवाल्यानं घसा खाकरला. 

"चहा चांगला आहे," धाकटी म्हणाली. "काल मी मुद्दाम तोंड वाकडं केलं होतं."

मालकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. कोणावर जास्त चिडावं हे त्यांना ठरवता येत नसावं. "बघू," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. त्या 'बघू'त कुणाची खुर्ची राहिली आणि कुणाची गेली, देव जाणे.

"मी कालच म्हणणार होतो," मधला म्हणाला, "चहा उत्तमच आहे."

त्याचा चमचा अजून कोरडा होता.

पुढचा कप समोर आला. धाकटीनं चमचा उचलला आणि तिला जाणवलं, मधला बघतोय, गोदामवाला बघतोय. कपाकडे नाही, तिच्या तोंडाकडे. ती कप घेऊन उठली, टेबलाकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून भुरका मारला.

टेबल सोडून काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. तिनं त्यांना बाजूला व्हायला सांगितलं नाही.