आठ पेल्यांचा दिवस

मी स्टीलचा पेला. हसू नका. पलूसच्या या घरात माझ्याइतका धाक कुणाचाच नव्हता.

मंगलच्या लग्नात आहेरात आलो आणि दहा वर्षं मांडणीवर निवांत पडून होतो. मग तिच्या लेकीचं, उत्कर्षाचं दुखणं निघालं. नऊ वर्षांची पोर, आणि हृदयात रक्त पुढं ढकलायची ताकदच उरली नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बदलावं लागेल. यादीत नाव लागलं. फोन येईपर्यंत पोर जपायची होती. अंगात पाणी साठलं तर श्वास अडकणार, म्हणून पाणी, दूध, आमटी सगळं धरून दिवसाला आठशे मिली. तिचा बाप तानाजी यानं औषधाच्या मापानं पाणी मोजलं आणि खिळ्यानं माझ्या पोटावर रेघ मारली. रेघेपर्यंत शंभर. दिवसाला आठ पेले. लय दुखलं, पण मान वाढला.

मंगल माप कडक पाळायची. उन्हाळ्याचे दिवस, पोर कोरडे ओठ चाटत माझ्याकडं बघत बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आजी भामाबाई आटपाडीकडची, मेंढरांमागं जन्म काढलेली. तिकडं भाकरी नसली तर नसली, पण दारात आलेल्याला पाण्याला नाही म्हणत नाहीत. दुष्काळात टँकरच्या घागरीतलं पाणीसुद्धा तिनं वाटसरूला दिलेलं. ती नातीला नाही कशी म्हणणार? मंगल द्राक्षाच्या बागेत कामाला गेली, की म्हातारी मला गुपचूप भरायची. नववा पेला. मग दहावा. मग तिनं मोजणंच सोडलं. मी बघत होतो. आमच्या जातीला नुसतं तोंड दिलंय देवानं, जीभ नाही.

तीन दिवसांत पोरीचं वजन दीड किलोनं वाढलं, पाय सुजले. मंगलनं एकेकाला विचारलं. उत्कर्षा म्हणाली, मीच चोरून प्यायले. चौथ्या दिवशी सकाळी तिला आडवंही होता येईना, बोलता बोलता धाप लागायला लागली. तशीच उचलून सांगलीच्या दवाखान्यात नेली. पुण्याचे डॉक्टर फोनवर स्पष्टच बोलले. आज हृदय मिळालं असतं, तर या अवस्थेत तिला देता आलं नसतं, दुसऱ्याला द्यावं लागलं असतं.

हे ऐकून भामाबाईनं सुनेचे हात धरले. "मंगल, म्याच पाजलं गं. माज्या हातानं मारत हुते तिला."

दवाखान्यात औषधांनी पोरीच्या अंगातलं पाणी उतरलं, पण मंगलनं सासूला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. घरी परत आल्यावर मात्र तिनं मला उचललं आणि सासूच्याच हातात दिलं. "आत्याबाई, आजपासनं पाणी तुमीच द्यायचं. दुसरं कुणी न्हाई."

मला वाटलं, बाई खुळी झाली. पण खुळा मीच. त्या दिवसापासून म्हातारीनं रेघेवर एक थेंब चढू दिला नाही.

महिन्याभरानं सकाळी सातला फोन वाजला. हृदय मिळतंय, ताबडतोब निघा, पोरीच्या पोटात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. गाडी सुटली. कराड ओलांडलं तशी पोर रडकुंडीला आली.

"आजे, एकच घोट."

"न्हाई," भामाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा पाण्याला नाही म्हणाली, आणि पुण्यापर्यंत पदरात तोंड खुपसून रडली. मी तिच्या पिशवीत रिकामा.

दुपारी पोरीला आत नेलं. दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. नवं हृदय चालू झालंय, पण पुढचे दोन दिवस धोक्याचे आहेत म्हणाले. तानाजीनं हात जोडले. भामाबाईनं तेवढं विचारलं, "डाक्टर, ज्याचं काळीज हाय, त्या लेकराच्या तोंडात जाताना कुनी पानी घातलं का?"

डॉक्टर तिच्याजवळ आले. देणाऱ्याचं नावगाव गुप्त ठेवतात, त्या घरचं काही सांगता येत नाही आजी, म्हणाले.

तिनं मला नळाखाली धरून काठोकाठ भरलं, आवारातल्या कडुनिंबापाशी गेली आणि बुडात हळूहळू ओतलं. "पी बाळा. पोटभर पी," म्हणाली.

उत्कर्षा अजून काचेपलीकडंच आहे. बाहेर बाकावर मी म्हातारीच्या मांडीवर बसलोय. काळीज देणारे कुठले, कोण, आम्हाला कुणी सांगणार नाही. पण त्या लेकराच्या घरचे तुम्हीच असाल, तर एवढं ऐका. त्याला पाणी मिळालंय.